भैरवीची सही

देवाला दिवा लावला का, हे आमच्या घरात मला कुणी कधी विचारलं नाही. पण सही केली का, हे रोज विचारलं जायचं. आमचे हे, म्हणजे वकील यज्ञेश्वर, यांचं सगळं आयुष्य यवतमाळच्या कोर्टात गेलं. मुलगी भैरवी त्यांच्याच हाताखाली वकील झाली. संध्याकाळी ती घरी आली की चपला काढायच्या आत आतून आवाज यायचा, "सही?" आणि ती म्हणायची, "केली." मगच हातपाय धुणं, मगच चहा.

त्याला कारण होतं. वकिलीच्या पहिल्याच वर्षी ती एक अर्ज सही न करताच कोर्टात देऊन आली होती. न्यायाधीशांनी काही न बोलता परत केला, पण घरचे न्यायाधीश बोलले. एप्रिलचं ऊन, तेही यवतमाळचं. भरल्या ताटावरून उठवून तिला परत कोर्टात पाठवलं. "बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी. शेवटची ओळ लिहिली की आधी सही, मग मान वर." मी म्हटलं, अहो, पोरीला जेवू तरी द्या. तर माझ्यावरच डोळे वटारले. पोरीनं तो धडा असा घोटला की पुढे मला चिठ्ठी लिहून ठेवायची, "आई, उशीर होईल," तर त्याखालीही पुरी सही ठोकायची. आम्ही हसायचो.

कौतुक मात्र यांच्या तोंडून कधी निघालं नाही. तिनं पहिला खटला जिंकला तेव्हा म्हणाले, "समोरचा वकील कच्चा होता." कोर्टात तासन्‌तास बोलणारा माणूस, घरात एका चांगल्या शब्दाला महाग.

सुप्रीम कोर्टात स्वतःच्या सहीनं प्रकरण दाखल करायला साधी सनद पुरत नाही. दिल्लीत एखाद्या जाणत्या वकिलाकडे वर्षभर उमेदवारी करायची आणि मग चार दिवसांची, चार पेपरांची परीक्षा पास व्हायची, तेव्हा तो हक्क मिळतो. घाटंजी, नेरकडची माणसं अपील घेऊन दिल्लीला जातात आणि तिथं कुणाच्या दारात उभं राहावं हे त्यांना कळत नाही, हे भैरवीनं पाहिलं होतं. "आपल्या माणसांसाठी तिथं आपली सही पाहिजे, आई," म्हणाली आणि गेली. भाड्याच्या खोलीत राहून चारदा परीक्षेला बसली. कधी थोडक्या गुणांनी हुकली, कधी ऐनवेळी ताप आला. पाचवी संधी शेवटची, असा नियमच आहे. त्यानंतर बसूच देत नाहीत.

यंदाच्या जूनमध्ये ती पाचव्यांदा बसली. पहिला पेपर बरा गेला. दुसऱ्या दिवशीचा पेपर मसुदे लिहिण्याचा होता. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते आणि हे शेजारी खुर्चीवर. फोन स्पीकरवर टाकला होता.

"बाबा, असा पेपर मी जन्मात लिहिला नाही! याचिका अशी उतरली म्हणता, वेळेच्या आधीच लिहून झाली."

यांचा चेहरा खुलला. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, सवयीनं विचारून बसले, "सही?"

"केली!" ती हसत म्हणाली. "खाली नाव, गाव, सगळं. एकदम झोकात."

यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग म्हणाले, "शाब्बास."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिकडे तिचं हसणं थांबलं. मग ती म्हणाली, "बरं, ठेवते बाबा. वाचायचं आहे अजून."

फोन बंद झाला तेव्हा मी खुशीत होते. म्हटलं, चला, देवच पावला, यांच्या तोंडून शाब्बास निघालं. तर हे भिंतीकडे बघत म्हणाले, "शोभा, पेपर गेला तिचा."

"अहो, पण चांगला लिहिला म्हणाली ना ती?"

"उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नसतं. सही नाही, गाव नाही, ओळखीची कुठलीच खूण नाही. दिसली की तो पेपर रद्द. मसुद्याखाली नुसतं 'वकील' लिहून जागा कोरी सोडायची. ती विसरली. मसुदा लिहिला, हात खाली गेला आणि सही झाली."

जित्याची खोड, दुसरं काय. पण ही खोड तिची नव्हती, लावलेली होती. कुणी लावली ते मला माहीत होतं आणि यांनाही. ते मी तेव्हा बोलले नाही. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं.

"मग तिला सांगा," मी म्हणाले.

"सांगितलं तर सगळं टाकून परत येईल. अजून दोन पेपर आहेत. परीक्षकही माणूसच असतो, एखाद्या वेळी करेल डोळेझाक."

"तुम्ही कधी केली होती?"

त्यावर ते उठून आत गेले. त्या रात्री ताटातली भाकरी तशीच राहिली.

मधे दोन दिवस सुट्टी होती, मग उरलेले दोन पेपर. रोज फोन व्हायचा. हे एरवी कलमं विचारून तिचा जीव खायचे, आता विचारायचे, "जेवलीस का बेटा? ऊन लागून नाही राहिलं ना?" तीही गोड आवाजात म्हणायची, "जेवले बाबा. तुम्ही गोळ्या घेऊन राहिले ना?" दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आमच्या घरात इतकं गोड कुणी बोलत नाही.

त्याच दिवसांत घाटंजीकडचे मारोतराव आले. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडण, त्याच्या मनाईचा अर्ज यांनी तयार केला होता.

"ताईचं कसं चालू हाये, साहेब?"

"चांगलं," हे म्हणाले.

"मंग हा कागद ताई आल्यावरच लावा. मले तिच्याच हातची सही पायजे. मांगच्या टायमाले माया भावाचं काम तिनंच केलतं."

यांनी मान खाली घालून कागद परत फाईलीत ठेवला.

चौथा पेपर संपला आणि भैरवी आली, नागपूरहून एसटीनं. वाळली होती, पण हसत आली. चपला काढल्या. मी कान देऊन उभी होते. आतून आवाज आला नाही. यांनी तिची बॅग घेतली आणि म्हणाले, "प्रवास नीट झाला ना?" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मारोतराव हजर. ऑफिसच्या खोलीत भैरवीनं त्यांचा अर्ज वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि यांच्या हातात दिला. खालची जागा कोरी होती. हे त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. 'सही?' एवढं विचारायला आयुष्यभर ज्यांची जीभ शिवशिवली, त्यांनी कागद तसाच टेबलावर ठेवला.

मारोतराव बिचारे साधे माणूस. त्यांना काय माहीत? म्हणाले, "ताई, सही राह्यली ना तुमची."

"राहू द्या," हे घाईनं म्हणाले. "आज मी करतो."

"नाही बाबा. माझ्याच सहीचं काम आहे ते." तिनं कागद परत घेतला. सावकाश सही केली. खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं. मारोतराव हात जोडून निघून गेले. मग ती म्हणाली, "मला कळलं होतं, बाबा. त्याच दिवशी."

"कधी?"

"तुम्ही शाब्बास म्हणालात ना, तेव्हा. तुम्ही कधी म्हणता का? मला आधी वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मग आठवलं, मी सही केली आहे."

हे म्हणाले, "मग पुढचे दोन पेपर काहून दिलेस? तेव्हाच यायचं होतंस घरी."

भैरवी टेबलाचा कोपरा नखानं खरवडत होती. "यायलाच निघाले होते. बॅगसुद्धा भरली होती. पण तुम्ही पहिल्यांदाच शाब्बास म्हणाला होता. खोटं का असेना. ते ऐकल्यावर अर्ध्यातून परत कशी येऊ?"

मी दारात उभी होते. मला त्या क्षणी यांचा इतका राग आला की काय सांगू. आणि तितकीच कीवही. तिच्या वाट्याला बापाची एकच शाब्बासकी आली, तीही तिचं नशीब फिरल्यावर. खरी द्यायला वर्षानुवर्षं होती, रोज संध्याकाळ होती. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात. इथं दैवानं मुलगी सोन्यासारखी दिली होती.

पुढे निकाल लागला. तीन पेपरांत तिला असे गुण होते की दिल्लीच्या तिच्या वकिलांनी मुद्दाम फोन केला. दुसरा पेपर रद्द. तिनं मोबाईल यांच्यासमोर धरला. यांनी चष्मा लावून ते तीन आकडे पुन्हा पुन्हा वाचले. मग तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील. भैरवीलाही वाटलं असावं, कारण ती थांबली होती.

"शोभा," हे म्हणाले, "चहा टाक."

मी चहा टाकला.