जिन्याखालचा रहिवासी

"या इमारतीत माझ्या नकळत डाससुद्धा वर चढत नाही," मोमार म्हणाला. "पंधरा बिऱ्हाडं, एकेचाळीस माणसं, तीन मांजरं आणि एक पोपट. कोण कधी आलं, कोण कधी जाणार, कुणाचा जावई रुसून बसलाय, सगळं या डोक्यात आहे. अख्ख्या कासाब्लांकात असा दुसरा रखवालदार दाखवा. विचारा, बूआज्जासाहेब, काय विचारायचं ते विचारा."

मुकादम बूआज्जाने पेन्सिलीचे टोक जिभेला लावले.

"मोमार सेक नावाचा माणूस इथं राहतो का?"

मोमार हसला. मुकादम हसला नाही.

मोहल्ल्याचा मुकादम म्हणजे सरकारचा डोळा. मुलाला शाळेत घालायचे असो की मुलीचे लग्न लावायचे असो, रहिवासाचा दाखला लागतो आणि त्या दाखल्याची वाट मुकादमाच्या वहीतून जाते. बूआज्जा आपल्या फटफटीवरून यायचा, मोमारच्या खुर्चीशेजारी पालथ्या बादलीवर बसायचा, पुदिन्याचा चहा घ्यायचा आणि विचारायचा, "पाचव्या मजल्यावरचा अमुकतमुक राहतो का रे अजून?" मोमार म्हणायचा, "राहतो." मुकादम लिहायचा, "राहतो." गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, तो या इमारतीचा जिना चढला नव्हता. थोडक्यात, इमारतीतली सगळी प्रतिष्ठित मंडळी सरकारदरबारी राहत होती ती मोमारच्या शब्दावर.

आणि आज दाखला हवा होता मोमारला.

तो सेनेगालमधल्या लूगा गावचा. सोळा वर्षे या दारात बसला होता आणि सोळा वेळा त्याने परदेशी माणसाला इथे राहायला लागणारे एक-एक वर्षाचे कार्ड काढले होते. वर्षाच्या कार्डाला नोकरीचा करार जोडावा लागतो. यंदा सोसायटीचे अध्यक्ष, पहिल्या मजल्यावरचे वकील स्कल्ली, यांनी दाराला इंटरकॉम बसवायचा ठराव मांडला होता. इंटरकॉम रजा मागत नाही आणि चहा पीत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे नोकरी गेली की करार गेला, करार गेला की कार्ड गेले, आणि कार्ड गेले की मोमार गेला. दहा वर्षांच्या कार्डाला मात्र नोकरीचा टेकू लागत नव्हता. त्याचा अर्ज द्यायला सात महिने थांबून तारीख मिळाली होती, उद्या सकाळी दहाची. फाइलमध्ये सगळे होते. फक्त हा एक दाखला नव्हता.

"अहो, तुम्ही माझ्या बादलीवर बसून माझाच चहा पिताय," मोमार म्हणाला.

"पितोय हे खरं आहे. पण चहा म्हणजे पुरावा नव्हे." मुकादमाने वही पुढे केली. "हा रकाना बघ. 'इमारतीच्या रखवालदाराकडे चौकशी केली. रखवालदाराची सही.' आता तुझी चौकशी तुझ्याकडेच करू?"

"करा की. मी कधी खोटं सांगितलंय?"

"नाही रे. पण उद्या कोणी म्हणेल, मुकादमानं चोरालाच विचारलं, तू चोर आहेस का म्हणून."

"चोर?"

"उदाहरण दिलं."

"आणि हा नियम केला कोणी?"

"मी," मुकादम म्हणाला. "रेघासुद्धा मीच मारल्यात. पण अठरा वर्षं पाळतोय म्हटल्यावर आता तो सरकारीच झाला की."

मोमारने खुर्चीवरची उशी थापटली. सरकारशी भांडावे, पण आपल्या चहाने वाढलेल्या सरकारशी कसे भांडणार?

"मग वर जाऊन विचारा," तो म्हणाला. "सोळा वर्षं या लोकांचे सिलिंडर खांद्यावरून वाहिलेत मी. एकेकजण दहा-दहा सह्या देईल."

लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून दुरुस्तीखाली होती. मुकादमाने जिन्याकडे पाहिले, गुडघ्यांकडे पाहिले, बिस्मिल्ला म्हटले आणि कठडा धरला. मोमार मागून वही घेऊन निघाला.

पहिल्या मजल्यावर वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मोमार सेक? कोण हा? कुणी पोटभाडेकरू ठेवलाय की काय?" मग त्यांची नजर मुकादमाच्या मागे गेली. "अब्दू, तुला माहीत आहे का रे हा कोण मोमार?"

अब्दू हा आधीचा रखवालदार. तो वारल्याला सतरा वर्षे झाली होती.

"माहीत आहे, साहेब," मोमार म्हणाला. "चांगला माणूस आहे."

"राहतो कुठं?"

"जिन्याखाली."

"जिन्याखाली माणूस राहतो? आणि सोसायटीला पत्ता नाही? हे बेकायदेशीर आहे!"

मुकादमाने खुलासा केला. वकीलसाहेबांनी चष्मा नाकावर आणला आणि मोमारकडे, बहुधा पहिल्यांदाच, नीट पाहिले.

"अच्छा, तो तू. हो, हा दारात बसतो खरा. पण बसणं वेगळं आणि राहणं वेगळं. मी याला राहताना पाहिलेलं नाही. लेखी देता यायचं नाही."

दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आनंदाने ओरडल्या, "म्हणजे काय! आमचा मामादू! मालीचा आहे, फार सज्जन!"

"लूगाचा, बाई. सेनेगाल," मोमार म्हणाला.

"तेच ते," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन खजूर घेऊन आल्या.

मुकादमाने खजूर खाल्ला आणि वहीत लिहिले: अब्दू, राहत नाही. मामादू, राहतो, पण मालीचा.

तिसऱ्या मजल्यावर घरात कोणी नव्हते, फक्त पोपट होता. त्याने मात्र पाऊल ओळखले. "मोमार, सिलिंडर!" असे तो बंद दाराआडून खणखणीत आवाजात ओरडला.

"ऐकलंत?" मोमार म्हणाला.

"ऐकलं. या इमारतीत तेवढाच एक जबाबदार इसम दिसतोय," मुकादम पायरीवर टेकत म्हणाला. "पण तो सही कशी करणार?"

सोळा वर्षांत पहिल्यांदाच मोमारच्या मनात शंका आली. आपण सगळ्यांना ओळखतो, यावरून सगळे आपल्याला ओळखतात असे आपण धरून चाललो होतो. हिशोब उलटा करून पाहायचा राहूनच गेला.

चौथ्या मजल्यावर लाल्ला बतूल, म्हणजे बतूलबाई, राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. मोमारशी त्या एका वाक्याच्या वर बोलत नसत आणि तेही बहुधा जिना नीट पुसलेला नाही याबद्दल असे. मोमारने दार वाजवायच्या आधीच ते उघडले.

"बूआज्जा," बाई म्हणाल्या, "पेन्सिल तोंडात घालायची सवय गेली नाही अजून?"

मुकादमाने पेन्सिल पाठीमागे लपवली. तो एकावन्न वर्षांचा होता. तिसरीत तो बाईंच्या वर्गात होता.

"लाल्ला, मोमार सेक इथं राहतो का, एवढंच विचारायचं होतं."

"राहतो."

"कशावरून?"

"पहाटे नमाजाआधी दोनदा खोकतो. दुपारी चहा तीनदा उकळतो, तिसऱ्यांदा साखर जास्त घालतो, कारण तेव्हाच तेवढा वेळ चमचा ढवळत बसतो. शुक्रवारी बायकोला फोन लावतो. भाषा मला कळत नाही. पण पाच वर्षांपूर्वी अख्खा रमजान ती चिडलेली होती आणि चूक याची होती. ईदच्या आदल्या दिवशी यानं कबूल केली, मग तिचा आवाज खाली आला."

मोमारच्या काळ्याभोर चेहऱ्यावर लाजेला चढायला जागा नव्हती, तरी ती चढली.

"लाल्ला, तुम्ही ऐकता?"

"मी कशाला ऐकू? नळी बोलते. माझ्या ओट्यामागची पाण्याची नळी सरळ तुझ्या खोलीत उतरते. तू नाही ऐकत वरचं?"

मोमार ऐकत होताच. कोण उठले, कोणाकडे पाहुणे आहेत, कोण आजारी आहे, हे तो सोळा वर्षे त्याच नळीवरून ओळखत आला होता. आपली सगळी सर्वज्ञता म्हणजे ती एक नळी. पण नळीला दोन तोंडे असतात, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

"आणि तुझ्या मुलीचं लग्न झालं त्या दिवशी," बाईंचा आवाज जरा उतरला, "फोनवर तिकडे ढोल वाजत होते आणि इकडे तू रडत होतास. गेला का नाहीस लग्नाला?"

"कार्ड बदलायला दिलं होतं, लाल्ला. गेलो असतो तर परत येता आलं नसतं."

"हं. मी त्या दिवशी नळ सोडला नाही. माणूस रडत असताना वरून कपबशा विसळल्याचा आवाज येऊ नये."

"म्हणून होय!" मोमार म्हणाला. "तुमचा नळ दिवसभर वाजला नाही म्हणून तर मी धावत वर आलो होतो. म्हटलं, बाईंना काही झालं की काय. तुम्ही दारातूनच खेकसलात, जिना पूस म्हणून."

"मग काय करायचं होतं? गळ्यात पडायचं होतं?"

मुकादमाने रुमाल काढून नाक शिंकरले. मग खेदाने वही उघडली. "साक्ष भक्कम आहे, लाल्ला. पण रकाना रखवालदाराचा आहे. रहिवाशाची सही त्यात बसत नाही."

बाईंनी वही हातात घेतली, रेघा वाकड्या आहेत असे सांगितले आणि परत दिली.

"रखवालदार रजेवर गेला तर काय करता?"

"बदली बसतो."

"मोमार, सोळा वर्षांत रजा किती घेतलीस?"

"एकही नाही."

"आता घे. पंधरा मिनिटांची."

लाल्ला बतूल खाली आल्या. मोमारच्या खुर्चीवर बसल्या, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेतला आणि जेल्लाबा या पायघोळ झग्याची टोपी मागे सारली. मोमार समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला, कारण रजेवरच्या माणसाने दारात रेंगाळू नये. गल्ली अरुंद होती, ऐकू सगळे येत होते. तिथून त्याने आपली इमारत पहिल्यांदा परक्यासारखी पाहिली. रंग द्यायला झाला होता. सज्ज्यावरच्या कुंड्याही एका रेषेत नव्हत्या. रखवालदार काय करत होता इतकी वर्षे, असे क्षणभर त्याच्या मनात आले.

मुकादम कोपऱ्यापर्यंत जाऊन नव्याने चालत आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कोण पाहिजे?"

"लाल्ला, मी..."

"ओळखपत्र."

मुकादमाने ओळखपत्र दिले. बाईंनी ते लांब धरून वाचले. "फोटो जुना आहे. बरं, विचारा."

तेवढ्यात वकीलसाहेब घाईघाईने जिना उतरले आणि फोनमधून मान वर न काढता म्हणाले, "अब्दू, गाडी पुसलीस का?"

"नाही," खुर्ची म्हणाली.

वकीलसाहेबांची मान वर आली. "लाल्ला बतूल! तुम्ही इथं?"

"मी बदली आहे. आपण कोण? कितवा मजला? आणि गाडी आपली आपण का पुसत नाही?"

वकीलसाहेबांनी नाव सांगितले. मजलाही सांगितला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना आठवेना. समोरच्या फुटपाथवरून मोमारने आकाशाकडे पाहिले आणि हसू गिळले.

"तर विचारतो," मुकादम छाती भरून म्हणाला. "मोमार सेक, मूळ गाव लूगा, या इमारतीत राहतो काय?"

"सोळा वर्षं राहतो," लाल्ला बतूल म्हणाल्या. त्या जरा थांबल्या. "आणि चांगला राहतो. तेही लिही."

"त्याला रकाना नाही, लाल्ला."

"समासात लिही."

मुकादमाने समासात लिहिले. मग डोके खाजवत विचारले, "दाराचा नंबर?"

इमारतीतल्या पंधराही दारांचे पितळी नंबर मोमारने स्वतः ठोकले होते. सोळावा कोणी मागितला नव्हता.

"जिन्याखालची खोली, पाण्याच्या मीटरच्या डावीकडे," बाई म्हणाल्या आणि टोकदार, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर शोभेल अशी सही ठोकली. खाली कंसात 'रखवालदार, बदली'. मुकादमाने शिक्क्यावर फुंकर मारली आणि दोन्ही हातांचा भार देऊन तो उमटवला.

मोमार रस्ता ओलांडून आला. त्याने दाखला हातात घेतला, दोनदा वाचला. समासापाशी जरा जास्त वेळ थांबला. मग तो फाइलीत ठेवला, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीला दोरी बांधली.

"आता सरकारलाही ठाऊक झालं," तो ताठ उभा राहून म्हणाला, "की या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत."

वकीलसाहेब अजून तिथेच घुटमळत होते. ते खाकरले.

"मोमार... मोमारच ना?"

"मोमारच, साहेब."

"उद्या दहा वाजता तो इंटरकॉमवाला येणार आहे. तू जरा शिडी धरशील ना त्याची?"

मुकादमाने चहाच्या रिकाम्या पेल्यात पाहिले. लाल्ला बतूल यांच्या मांडीवरचा किल्ल्यांचा जुडगा एकदा वाजला.

"दहाला मी कचेरीत आहे, साहेब," मोमार म्हणाला. "बारानंतर बोलवा, धरतो." मग काहीतरी आठवल्यासारखा तो पुढे झाला. "फक्त त्याला एक सांगाल का? भिंतीला भोक पाडायच्या आधी मला विचार म्हणावं. त्या भिंतीतून नळी जाते. माझ्या उशाशीच आहे ती."