मिलवाल्याच्या घरात कनकी

भैयालालनं चाळीस वर्षं राइस मिलमध्ये काढली, त्यातली शेवटची बारा हेडमिस्त्री म्हणून. दाणा दाताखाली धरला की त्यात ओल किती, मशीनमध्ये तो किती फुटेल, हे तो तिथल्या तिथं सांगायचा. बालाघाटात त्याच्या वॉर्डातल्या बाया वर्षाचा तांदूळ भरण्याआधी मूठभर नमुना घेऊन त्याच्याकडे यायच्या. तो दाणे तळहातावर पसरणार, नाकाशी नेणार आणि मग ऐटीत निकाल देणार. एवढा मोठा जाणकार, आणि त्याला साधा भात लावता येत नव्हता. आता बोला.

यायची गरजच कधी पडली नव्हती म्हणा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेहतीस वर्षं गीतानं रांधलं आणि यानं खाल्लं. पण डिसेंबरात गोंदियाला श्रुतिकाचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, बाळंतपण झालं. पोट चिरून पोरगी काढावी लागली. जावई लोकेश गुणाचा, पण तो दुकान सांभाळणार की बाळंतीण? श्रुतिकाला सासू नाही. मग गीता दोन महिन्यांसाठी निघाली, आणि निघताना दारातच घुटमळली.

"तुमी खासान काय?" तिनं विचारलं.

"चाळीस वर्सं तांदूळ पाह्यला म्या. भाताचं मले काय सांगतं," भैयालाल म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्या भातानं त्याची जिरवली. घरात नवा चिन्नोर तांदूळ होता, महिनाभरापूर्वी शेतात उभा असलेला. मोबाइलमधली बाई हिंदीत म्हणाली, एक कटोरी चावल, दो कटोरी पानी. यानं तसंच केलं. भाताच्या गंजाचं झाकण काढलं तर आत नुसती खळ. भिंतीवर निवडणुकीचे कागद चिकटवता आले असते. वरणाचं तर विचारूच नका. मीठ आधीच घातलं, डाळ तासभर उकळली, तरी बोटांत धरली की टणक ती टणकच. तरी शेजारी जाऊन विचारावं, तर तो भैयालाल कसला? ज्या बायांना तांदूळ निवडून दिला, त्यांनाच पाणी किती घालू म्हणून विचारायचं? जीव गेला तरी चालेल. मग दोन आठवडे चहा-टोस्ट आणि चौकातले पोहे यांवर निघाले, आणि पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडावं लागलं.

ते शेजारच्या कमलाबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं लावला गोंदियाला फोन. गुरुवारी सकाळी गीताचा उलटा फोन आला.

"मी ऐतवारी येऊन राह्यली. माह्या डोळ्यानं पाहीन. तुमी जेवत नसान, तर मी वापस नाई जात."

"इकडं सब ठीक हाय व," तो म्हणाला.

मागून श्रुतिकाचा आवाज आला, "तू जा आई, मी करून घेईन." हा आवाज भैयालालला चांगला ठाऊक होता. लहानपणी ताप अंगात घेऊन शाळेत निघाली की पोरगी असंच म्हणायची. टाके अजून नीट भरले नव्हते. गीता परत आली तर चार दिवसांत श्रुतिका चुलीपुढे उभी राहणार, हे त्याला दिसत होतं. रविवारपर्यंत चार माणसांसारखं जेवण करता आलं पाहिजे, नाहीतर आपल्यापायी लेकीचे हाल होणार.

फोन ठेवून तो तांदळाच्या डब्याशी बसला आणि त्यानं सवयीनं एक दाणा दाताखाली घातला. जुना दाणा कट्ट वाजतो. हा वाजला नाही, खडूसारखा दबला. भैयालालनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. अरे, याच्या पोटात तर अजून पाणी आहे. तेच धान त्याच्या मिलमध्ये आलं असतं, तर मालकाला सुनावून त्यानं ते परत उन्हात टाकायला लावलं असतं. आणि घरात मात्र त्याच्यावर आणखी दोन वाट्या पाणी ओतत होता. त्यानं तांदूळ धुतला, भिजत ठेवला नाही, वाटीला सव्वा वाटीच पाणी घातलं. पाणी आटल्यावर आच अगदी बारीक केली, मग बंद करून दहा मिनिटं झाकण उचललं नाही आणि डाव तर आत घातलाच नाही. भात मऊ झाला, तरी शीत न् शीत वेगळं. वास अंगणापर्यंत गेला. त्या दिवशी तो नुसता भात तूप घालून दोनदा जेवला. मग मीठ शेवटी घालून पाहिलं, तर वरणही जमलं.

शनिवारी मात्र त्यानं अंबाडी आणली. ती गीताच्या हातची त्याची जीव की प्राण भाजी. लोण्यासारखी मऊ आणि आंबटही बेतानं. पाला उकडला, पाणी फेकलं, पिळला, लसणाची फोडणी दिली. एक घास घेतला आणि दात आंबले. पाला एकीकडे, पाणी एकीकडे. गूळ घातला, तर आंबट ते आंबट राहून वर गोडही झालं. आता मात्र त्यानं मान खाली घातली आणि वाटीत भाजी घेऊन कमलाबाईचं दार वाजवलं.

कमलाबाईनं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "भाऊजी, यात कनकी कुठं हाय?"

"कनकी?"

कनकी म्हणजे मिलमध्ये फुटलेल्या तांदळाचा चुरा. तो कोंबड्यांना जातो. मिलवाल्याच्या घरात कनकी आली तर मी जेवणार नाही, असं भैयालालनं नव्या नवरीला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ठणकावलं होतं.

"अंबाडीसंगं कनकी शिजवा लागते जी. तेच आंबटपण खाते अन् भाजी मिळून येते," कमलाबाई म्हणाली. मग हसू दाबत तिनं फळीवरचा एक पितळी डबा उतरवला. "हा गीताबाईचा. तेहतीस वर्सं इथंच हाय. तुमच्या भाजीची कनकी दर वेळी इथूनच गेली."

भैयालाल डबा घेऊन घरी आला आणि ओट्याशी नुसता उभा राहिला. त्याला आधी राग आला, मग स्वतःची लाज वाटली. नवऱ्याचा तोरा सांभाळायला बाईनं मूठभर कनकीसाठी आयुष्यभर शेजारी खेपा घातल्या. त्यानं कनकी धुतली आणि भाजी पुन्हा चढवली.

रविवारी गीता आली ती चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. झाकणं उचलून पाहू लागली.

"बस तू," म्हणत भैयालालनं तिच्यापुढे ताट ठेवलं. तिला वाढायची सवय, वाढून घ्यायची नाही. ती जरा अवघडून बसली. भात खाल्ला. मग अंबाडीचा घास घेतला आणि हात थांबला.

"कमलानं सांगतलं?"

"हौ."

"रागावले काय?"

"मी कायले रागावू? माह्याच धाकानं तुले आपल्याच घरात चोरी करा लागली. चुकलं माह्यं."

"तुमी बोटं चाटून खात होते," गीता म्हणाली. "मंग म्या कायले सांगू?" तिनं ताट पुढं केलं आणि आणखी भाजी मागून घेतली.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चारच्या गाडीनं जातो. पोरगी एकटी हाय."

भैयालाल जिंकला होता. पण त्याला हायसं वाटायच्या आत गीता हात पुसत बोलली, "दोन महिन्यानं तरी येऊन म्या काय करू? तुमी त सारं शिकले." ती हसत होती, पण पुरतं हसू काही उमटलं नाही.

चाळीस वर्षांत इतका अवघड निकाल कोणी मागितला नव्हता.

"रांधाले नको येऊ," तो म्हणाला. "जेवाले ये. घर खायले उठते मले."

गीतानं त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून रिकामा डबा काढून त्याच्यापुढे सरकवला.

"बाळंतिणीले आंबट नाई चालत," ती म्हणाली. "भात बांधून द्या. तुमच्या हातचा हाय, सांगतो तिले."