मावशीचं मिटलेलं तोंड

भोंगामावशी गेल्याला पंधरवडा झाला आणि फोटोवाल्या भाच्याच्या लक्षात आलं, की आपण चांगलेच अडकलोय. मावशीचा मोठा फोटो तिच्या घरी भिंतीवर लावायचा होता. काका, म्हणजे मावशीचे यजमान, ती गेल्यापासून त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसायचे, कुणाशी दोन शब्द बोलायचे नाहीत. त्यांना मावशी पुन्हा समोर दिसावी, एवढंच भाच्याला हवं होतं.

पण तीस वर्षांचे फोटो उलटेपालटे केले, तरी तोंड मिटलेली मावशी सापडेना. एकेक नमुना बघा! लग्नात ती कॅमेऱ्याला दम देतेय. बागेत झाडामागच्या कुणाला तरी झापतेय. पासपोर्टचा फोटो तर तीनदा परत आला होता.

“ताईचा फोटो शोभिवंत हवा हं,” त्याच्या आईने बजावलं. “चारचौघं येतात घरी. गप्प बसलेली दाखव.”

“अगं, बसली होती का कधी?”

“मग बसव!”

झालं! पठ्ठ्याने दोन दिवस कॉम्प्युटरपुढे मान मोडली. मिटलेले ओठ आणायचे कुठून? त्याने ते आईच्या फोटोतून उचलले. सख्ख्या बहिणी, कोणाला कळतंय? छापलं, चौकटीत बसवलं, खिळा ठोकला.

काका उठले. चष्मा सारखा करून त्यांनी अदबीने मान लववली.

“सोज्वळ आहेत. कोण या?”

“कोण म्हणजे काय, आपली ताई!” आई पुढे झाली आणि थबकली. “थांब. हे ओठ माझे आहेत! मेल्या, माझं तोंड ताईला लावलंस?”

“घरात मिटलेलं दुसरं होतंच कुठे?”

“हेही फोटोपुरतंच,” काका पुटपुटले.

आईला हसावं की चिडावं कळेना. भाचा मात्र मटकन खुर्चीत बसला.

“मला ही बाई नकोय, आई,” तो म्हणाला. “ती कशी ओरडायची! मला तीच हवीय. फार आठवण येते गं तिची.”

आईने स्वतःच दुसऱ्या खुर्चीवर चढून फोटो उतरवला.

संध्याकाळी त्याने दुसरा आणला. ह्यात मावशीचे दोन्ही हात वर, डोळे वटारलेले आणि तोंड इतकं उघडं, की पडजीभसुद्धा स्पष्ट आलेली. आईने कपाळावर हात मारला, पण हातोडी तिनेच दिली.

काका फोटोसमोर उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खाली मान घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

“हो, हो, कळलं. ओरडू नकोस,” ते म्हणाले आणि वरखाली लागलेली बटणं एकेक करून नीट लावू लागले.