कॅचरच्या पाठीमागची जाळी

मी जाळी बोलतेय. हिमी नावाच्या मासेमारीच्या बंदराजवळ एक शाळा आहे, तिच्या बेसबॉलच्या मैदानात चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे दोन खांबांना मला टांगलंय. आज वारा सुटलाय, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. तसं गप्प बसणं मला कधी जमलंच नाही म्हणा. समुद्रात वाढलेल्या जिवाला खांबाला बांधलं की तो चुळबुळ करणार, नाही तर काय करणार?

हो, मी मूळची समुद्रातली. बंदरावरच्या बायकांनी गप्पा मारत मारत मला विणलं. त्यांच्या सुनांच्या सगळ्या तक्रारी मला तोंडपाठ आहेत. हिवाळ्यात बुरी नावाचे मोठे मासे आले की मला खाडीत सोडायचे. वरून बर्फ, आतून शेपट्यांचे तडाखे, क्षणाची उसंत नाही. मग एका वादळात मी फाटले. आमच्या कोळ्यानं मला टाकून दिलं नाही, ठिगळं लावून पोराच्या शाळेला दिलं. "चेंडू तरी अडवेल," म्हणाला. फार लागलं मला ते. बुरी धरणारी मी, आणि आता चेंडू अडवायचे.

पण इथेही जीव रमला, तो माझ्यामागे येऊन बसणाऱ्या माणसांमुळे. व्यावसायिक संघांचे पारखी ते. शरदात हे संघ देशभरातली पोरं निवडतात, टीव्हीवर एकेकाचं नाव पुकारतात. त्याआधी वर्षभर ही मंडळी शाळाशाळांतून हिंडत असतात. माझ्या भोकांतून वेग मोजायचं यंत्र रोखतात, एकमेकांशी गोड गोड बोलतात आणि मनातलं कुणी कुणाला सांगत नाही. पोरांइतकीच नजर त्यांच्या आयांवर. खांदे बघतात, मनगटं बघतात, पोरगा अजून किती भरेल याचा अंदाज घेतात. आमच्या संघातल्या दाइमोनच्या आईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिनं सरळ डबाच पुढे केला. "मला काय बघताय? हे भाताचे गोळे खा आणि पोराकडे बघा," म्हणाली. सगळे माना खाली घालून खात बसले.

त्यांना एक बंधन मात्र कडक आहे. पोराशी बोलायचं नाही. जे काही असेल ते सरांशी, म्हणजे आमच्या संघाला शिकवणाऱ्या ओगितानी सरांशी.

दाइमोन आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. वसंतात त्याचा एखादा चेंडू कॅचरच्या हातून सुटून माझ्यावर आदळला की वाटायचं, बुरीच आला. अंगभर जाग यायची. कॅचर म्हणजे त्सुरी, त्या कोळ्याचाच मुलगा. बुटका, रुंद, कमी बोलणारा. चेंडू घेताना ग्लव्हचा आवाज काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथल्या कॅचरांना ते लहानपणापासून शिकवतात. चेंडू असा घ्यायचा की 'पाँ' करून सगळं मैदान घुमलं पाहिजे, म्हणजे पिचरची छाती फुगते आणि तो आणखी जोरात फेकतो. मायाच ती एक प्रकारची.

पावसाळी दिवस लागले आणि माझ्या मनाला चैन पडेना. सुटून येणारे चेंडू हलके लागायला लागले. आवाज मात्र पहिल्यापेक्षा मोठा. हे कसं, मला उमजेना. मग एका संध्याकाळी दोघं मला टेकून बसले तेव्हा उलगडा झाला.

"कोपर दुखतंय का रे?" त्सुरीनं विचारलं.

"नाही."

"काल डाव्या हातानं जेवत होतास."

दाइमोननं बुटावरची माती काढली. "ते मोठे पारखी, निरासावा-सान, येणारेत पुढच्या आठवड्यात. त्यांनी मान हलवली की झालं. तोपर्यंत तू आवाज काढ, हाताचं मी बघतो."

"सरांना सांगूया का?"

"सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही."

त्सुरीनं ग्लव्ह काखेत मारला. माझा जीव नुसता कासावीस झाला. अरे, हात जाईल पोराचा, एवढं मी ओरडून सांगितलं असतं. पण जाळीला वाऱ्याशिवाय हलता येत नाही.

निरासावा-सान आले. म्हातारे, गळ्यात टॉवेल, सगळ्या पारख्यांत मुरलेले. बाकीचे आकडे टिपत होते. हे उठले, माझ्या भोकांत बोटं अडकवून उभे राहिले आणि डोळे मिटले. पाँ. पाँ. मागे बसलेले माना डोलवत होते. निरासावा-सान यांची बोटं मात्र माझ्यात घट्ट घट्ट होत गेली. मग ते वाकले आणि हळूच म्हणाले,

"जाळीबाई."

अख्ख्या जन्मात मला कुणी हाक मारली नव्हती. त्सुरी माझ्यापुढे पाठ करून उकिडवा बसलेला, हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

"पोरांशी बोलायची मला बंदी, म्हणून तुला सांगतो. ग्लव्ह बोलतोय, चेंडू बोलत नाहीये. फेकताना कोपर खांद्याच्या खाली येतंय त्याचं. असाच उन्हाळाभर फेकत राहिला तर पुढे घास तोंडाशी न्यायची पंचाईत. मी सरांना सांगितलं तर बाकीच्यांना वाटेल, म्हातारा भाव पाडतोय, स्वस्तात उचलायला बघतोय. पोरगा तर नाहीच म्हणणार. खरं दाखवू शकेल असा इथे एकच जण आहे. आणि तो इतका छान आवाज काढतो, की काय बोलावं."

त्सुरीची मान लाल झाली. वळला नाही. मी जागच्या जागी ताणले गेले होते. आवाज काढू नकोस रे, काढू नकोस.

पुढचा चेंडू आला. त्सुरीनं तो नुसता हातात येऊ दिला. थप्. ओला टॉवेल पडावा तसा. पुढचाही तसाच, थप्. मागे बसलेल्यांच्या माना थांबल्या.

दाइमोन तरातरा पुढे आला. "काय झालं तुला? नीट घे की."

"नीटच घेतोय."

"मग आवाज?"

त्सुरीनं चेंडू त्याच्या हातात ठेवला. मग म्हणाला, "चेंडू एवढाच आहे, दाइमोन."

ओगितानी सर बाकावरून उठले. आले, काही न बोलता दाइमोनचा हात धरला, कोपर वाकवलं. पोराच्या तोंडून 'आई गं' निघालं. माझ्यामागे यंत्रं एकेक करून पिशव्यांत गेली.

कोपराचं ऑपरेशन झालं. दाइमोन त्सुरीशी बोलेना. दाइमोनच्या आईनं मैदानात येऊन, पोराचा हात वाचवला म्हणून, त्सुरीपुढे कमरेतून वाकून नमस्कार केला, तेव्हा तो धाय मोकलून रडला. शरदात टीव्हीवर नावं पुकारली, त्यात आमचं कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी वारा पडलेला होता आणि मला हलताही आलं नाही, फार जड गेलं ते.

आता माझं अंग विरलंय. नवी जाळी आली आहे, तिकडे गुंडाळून ठेवलीय. आज मला सोडवणार.

आणि आत्ताच दाइमोन आलाय. उजवा हात डाव्यापेक्षा बारीक दिसतोय. फाटकापाशी त्सुरी उभा आहे, आत येऊ की नको अशा बेतात.

"बस," दाइमोन म्हणाला. त्सुरी धावत येऊन माझ्यापुढे बसला.

"आवाज काढायचा नाही."

"नाही काढणार."

चेंडू आला. सावकाश, लहान मुलानं टाकावा तसा. थप्. त्यानं परत दिला. दुसरा आला.

"कसा आहे?" दाइमोननं विचारलं.

"काल जन्मलेल्या बाळानं फेकल्यासारखा."

"खरं सांगतोस ना?"

"तुला खोटं सांगून बघितलं मी एकदा."

दाइमोन खूप दिवसांनी हसला आणि पुन्हा हात मागे नेला.

शिडी घेऊन येणाऱ्यांनो, मला खुशाल सोडवा, कुठेही टाका, माझी हरकत नाही. फक्त जरा थांबा. त्सुरी एकही चेंडू सोडत नाहीये. एखादा तरी सुटून माझ्यापर्यंत येऊ दे. त्या हाताचं वजन मला माझ्या अंगावर घेऊन बघायचंय, मग जाते.