बावन्न किलोंची जागा

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी थकले आहे. माझ्या सांध्यांतून पाणी झिरपतं, डोलकाठी कुरकुरते आणि कुणी जरा जोरात पाय ठेवला की माझ्या फळ्या कण्हतात. पण तुम्ही काठावर बसलाच आहात, तर माझी कहाणी ऐकून जा.

मला एका सुताराने घडवलं. त्याचा धंदा खिडक्यांच्या चौकटी करण्याचा. उरलेल्या फळ्या जोडून त्याने आपल्या दोन मुलींसाठी मला बनवलं, म्हणून मी अंगाने जरा चौकोनीच आहे. थोरली मागे सुकाणूवर बसायची आणि धाकटी पुढच्या फळीवर, शिडाची दोरी धरून. एकदा शर्यतीत माझा दुसरा नंबर आला. होड्या तीनच होत्या, पण सुताराने ते कधी कुणाला सांगितलं नाही.

वर्षं गेली. सुतार गेला. धाकटीचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा वारला, आणि मुलगी पलीकडच्या काठावर संसाराला लागल्यावर धाकटी थोरलीकडे राहायला आली. दोघींचे केस पिकले होते, पण माझ्यातल्या जागा त्याच राहिल्या.

मग धाकटीची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला पलीकडच्या दवाखान्यात जावं लागे. पूल फार लांब होता, बसमध्ये तिला चक्कर यायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं. पण वारा काही कुणाच्या बापाचा नोकर नाही. एके दिवशी भर पाण्यात तो पडला तो पडलाच. आम्ही पोचलो तेव्हा यंत्रावर दुसरा रोगी होता. त्यानंतर धाकटी दोन दिवस सुजलेल्या पायांनी धापा टाकत पडून होती.

थोरली जन्मभर होडीला लावायच्या मोटारीला 'आळशांचं खेळणं' म्हणत आली होती. तिसऱ्या दिवशी ती स्वतः पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हाताला धरून घेऊन आली.

"मावशी, हिची मागची फळी पातळ आहे," मिस्त्री माझ्या पाठीवर टकटक करत म्हणाला. "नुसतं ब्रॅकेट ठोकलं तर मोटार फळीसकट तळाला जाईल. आतून जाड लाकूड द्यावं लागेल."

"दे. आणि सुकाणूला धक्का लागला तर तुझी खैर नाही."

"मग डावीकडे सरकवून बसवतो. आता दोघी आपापल्या जागेवर बसा बघू. नेहमी बसता तशाच."

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. मोटारीचा पंखा पाण्यात बेताने बुडावा लागतो. कमी बुडाला तर तो नुसता फेस काढतो, जास्त बुडाला तर मोटारीच्या डोक्यावर पाणी उडून ती गुदमरते. म्हणून मिस्त्रीने दोघींना बसवलं, पाणी माझ्या पाठीवर कुठवर येतं तिथे खूण केली आणि मला काठावर ओढून त्या खुणेवर पांढरी रेघ मारली. त्या रेघेवरून माप घेऊन त्याने गिरमिटाने चार भोकं पाडली. पन्नास वर्षांत मला कुणी असं टोचलं नव्हतं. पण त्याचा हात चांगला होता. प्रत्येक भोकात त्याने चिकट लुकण भरलं, आतून घरातल्या मोडक्या टेबलाची फळी लावली आणि चारही बोल्ट सारखे आवळले. पाण्याचा एक थेंब आत आला नाही.

दोन वर्षं आम्हाला एकदाही उशीर झाला नाही. मोटारीचा वास मला आवडला नाही, पण तिचं कौतुक मी ऐकून घेतलं. थोरलीसुद्धा तिला रोज फडक्याने पुसायची.

मग धाकटीची मुलगी आली. आईला ही दगदग सोसत नाही, दवाखान्याजवळच राहू दे, म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. थोरलीने बहिणीची पिशवी भरून दिली, तिला पोचवलं आणि परतताना अर्ध्या वाटेत मोटार गुदमरली. पुढचं वजन उतरलं होतं, माझं नाक वर आणि पाठ पाण्यात. पांढरी रेघ बुडून दिसेनाशी झाली होती. थोरलीचा खांदा अधू, एकटीला शीड ओढवेना. एका हाताने, थांबत थांबत वल्हं मारत घरी पोचायला तिला दुपार झाली.

"ब्रॅकेट चार बोटं वर घेऊ," मिस्त्री म्हणाला. "जुनी भोकं बुजवतो, नवी पाडतो. तासाभराचं काम."

"नको."

"अहो, पण आता तुम्ही एकट्याच ना?"

"नको म्हटलं ना!"

तिने मला काठावर उपडं घातलं. मी अकरा महिने तशीच पडून होते. माझ्या फळ्या उन्हाने फाटल्या, बोल्टांना गंज चढला, मुंग्यांनी पोटात घर केलं. मला राग आला होता, पण थोरलीचा राग माझ्याहून मोठा होता. तिला वाटत होतं, बहीण आपल्याला सोडून गेली. फोनवर दोघी फक्त हवामानावर बोलायच्या.

एका सकाळी थोरली ओट्यावर बसून फोनवर बोलत होती. धाकटीचा आवाज मला इथवर ऐकू आला.

"ताई, माझ्या खिडकीतून पाणी दिसतं गं. रोज बघते, आपली होडी दिसते का."

"वारा बरा नाही," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला. वारा अगदी छान होता.

त्यानंतर आठ दिवस ती माझ्या फटी बुजवत होती. गंजलेला बोल्ट बदलला, चारही पुन्हा आवळले. दवाखान्यात दर वेळी धाकटीचं वजन करत, तो आकडा तिला पाठ होता. बावन्न. तिने दहा-दहा लिटरचे पाच कॅन आणि दोन लिटरची बाटली भरली, मला पाण्यात उतरवलं आणि सगळं पुढच्या फळीवर धाकटीच्या जागी मांडलं. माझी पाठ वर आली. रेघ पाण्याला अचूक टेकली. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली.

खिडकीतून आम्हाला येताना पाहून धाकटी पलीकडच्या धक्क्यावर मुलीचा हात धरून येऊन उभी होती.

"हे कोण बसलंय माझ्या जागेवर?"

"तूच आहेस. निदान हे कॅन बडबड तरी करत नाहीत."

दोघी हसता हसता रडल्या. मग थोरलीने कॅन रिकामे केले आणि "एक फेरी मारून आणते हिला," असं भाचीला सांगून बहिणीला आत घेतलं. धाकटी आपल्या जागी बसली. शाल तिच्या अंगावर सैल होती. आम्ही निघालो आणि मोटार खोकली.

थोरलीने वळून पाहिलं. रेघ बुडालेली होती.

तिने होडी धक्क्याला परत लावली, एक कॅन पुन्हा भरला आणि धाकटीच्या पायाशी ठेवला.

"हा कशाला?"

"असू दे. पाणी बरोबर असलेलं बरं."

मोटार नीट चालू लागली. धाकटी बोटाने लाटा दाखवत राहिली, आणि थोरली तिच्या पाठीकडे बघत राहिली.

मित्रांनो, होडी कोरडी ठेवा, बोल्ट अधूनमधून आवळा, आम्हाला उपडं टाकून विसरू नका, हे मी सांगणारच. पण रोज तुमच्याजवळ बसणाऱ्या माणसांकडेही नीट बघत जा. ती हळूहळू हलकी होत जातात आणि सांगत नाहीत. आता आम्ही दर रविवारी जातो. पुढच्या फळीखाली एक कॅन असतो. थोरलीने दुसराही भरून काठावर ठेवला आहे. मी फार थकले आहे, माझं आता काही मागणं उरलेलं नाही. तो दुसरा कॅन काठावरच राहावा, एवढंच वाटतं.