झूलाघरातली शांतता

कामगारांच्या मनःशांतीसाठी रोज जेवणाच्या सुट्टीत ध्यानाचा वर्ग भरेल, अशी नोटीस मिलच्या फाटकावर लागली आणि त्या दिवसापासून होती नव्हती ती मनःशांती गेली. सुट्टी मुळात अर्ध्या तासाची. तेवढ्यात नळावर हात धुवायचे, डबा खायचा, आणि जिचं मूल अंगावर पीत असेल तिने धावत झूलाघर, म्हणजे मिलचं पाळणाघर, गाठायचं. आता त्यातला निम्मा वेळ डोळे मिटून बसायचं. कामाच्या वेळेला मात्र हात लावायचा नाही हं! यंत्रं थांबली असती तर शेटजींच्या मनःशांतीचं काय झालं असतं?

मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरचे लोक अजून पानाच्या दुकानांवर धुसफुसत होते. नवं राज्य, नव्या योजना, आणि त्यातलीच ही एक. सुरुवात बायकांपासून करायची ठरली, कारण बायका ऐकतात.

अंबिका वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर होती. तिचे सासरे होळकरांच्या रिसाल्यात स्वार होते. रिसाला मोडला, घोडे गेले, आणि नवरा मारुती सियागंजात एका किराणा पेढीवर कामाला लागला. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या अशा घरातली सून मिलमध्ये जाते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण त्यांच्यापैकी कुणी पिठाचं पोतं आणून टाकलं नाही. पहिली मुलगी झाली, तिला सगळे बेबी म्हणू लागले, आणि बाळंतपणाची रजा संपताच अंबिका तिला मिलच्या झूलाघरात ठेवून पुन्हा कामावर उभी राहिली. बेबी बाटलीला तोंड लावत नसे. वरचं दूध पोटात गेलं की ओकून टाकी. तिचं दुपारचं जेवण म्हणजे आईची ती अर्ध्या तासाची सुट्टी.

खात्यात यंत्रांचा एवढा कल्ला असे की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथल्या बायका आवाजाशिवाय बोलत. ओठ नीट हलवायचे आणि समोरचीने ते वाचायचे. कुणाची सासू आजारी, कुणाच्या नवऱ्याने दारू सोडली, कुणी पुन्हा धरली, सगळ्या बातम्या खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला जात आणि मुकादमाला पत्ता लागत नसे. अंबिकेला हे शिकवलं सखुबाईने, खात्यातल्या सगळ्यात जुन्या बाईने. सवय इतकी लागली की घरीही अंबिका कधी कधी नुसते ओठ हलवी. मग मारुती हसून म्हणे, "अगं, आवाज तर चालू कर!"

ध्यानाची कल्पना होती दिवाकररावांची. ते मिलचे वेल्फेअर ऑफिसर, राहायला स्नेहलतागंजात. माणूस दुष्ट नव्हता. ब्लड प्रेशरने बेजार झाला होता, उदयसिंहजी नावाच्या योगशिक्षकांच्या वर्गाला जाऊ लागला, आणि कित्येक महिन्यांनी त्याला स्वस्थ झोप लागली. आपल्याला मिळालं ते सगळ्यांना मिळावं, असं त्यांना मनापासून वाटलं. फक्त ते कुणाच्या पदरातलं काढून देतोय, हे बघायचं राहिलं.

पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि बायकांना कॅन्टीनच्या हॉलमध्ये तरटावर बसवलं. समोर उदयसिंहजी, त्यांच्या बाजूला दिवाकरराव.

"आँखें बंद कीजिए," उदयसिंहजी गोड आवाजात म्हणाले. "शरीर ढीला छोड़िए. अब कोई चिंता नहीं."

हॉलच्या मागच्या भिंतीला लागूनच झूलाघर. तिथून रडणं सुरू झालं. मुलं डझनभर होती, पण आपल्या मुलाचा आवाज आईला वेगळा काढावा लागत नाही. अंबिकेला पान्हा फुटला, चोळी भिजली. तिने पदर ओढून घेतला आणि ती उठली.

दिवाकररावांनी डोळे उघडले. "बसा, बाई. तुमच्यामुळे सगळ्यांचं ध्यान मोडतं."

ती बसली. का बसलो, याचा तिला पुढे किती दिवस संताप येत राहिला. पण नोकरीवर असलेलं माणूस बस म्हटलं की बसतं. वर्ग सुटल्यावर ती धावली, तोवर बेबी रडून रडून लाल झाली होती. घाईघाईने प्यायली, ठसका लागला, आणि पोट भरायच्या आतच भोंगा झाला. डबा तसाच बंद राहिला.

दुसऱ्या दिवशी सखुबाईला बरोबर घेऊन ती दिवाकररावांच्या ऑफिसात गेली.

"साहेब, आम्हाला पाजायला टाइमच उरत नाही. ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांना तेवढी छुट्टी द्या ना."

दिवाकररावांनी हातातली लेखणी खाली ठेवली. त्यांना खरंच समजावून सांगायचं होतं. "अंबिकाबाई, एकीला सोडलं की सगळ्या उठतील. आणि हे तुमच्याच भल्यासाठी आहे. आई शांत असली की दूध चांगलं येतं, मूलही शांत होतं. चार दिवस धीर धरा."

"मी धरीन, साहेब. भूक धीर धरते का?"

"हे पाहा, तुम्ही टेन्शनमध्ये आहात. तुम्हाला तर या वर्गाची जास्त गरज आहे."

याला काय म्हणायचं? माणसाचा घास काढून घ्यायचा, तो ओरडला की म्हणायचं, तुझं मन अशांत आहे! सखुबाई मध्ये पडली. "पण साहेब, लेकरांच्या रडण्यात ध्यान लागतं तरी कुणाचं?"

हे मात्र दिवाकररावांना पटलं. "ते बरोबर आहे," ते म्हणाले. "आवाजाची व्यवस्था करतो."

आणि व्यवस्था झाली. दोन-तीन दिवसांत झूलाघरातलं रडणं कमी झालं, मग थांबलंच. हॉलमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येई. अंबिकेला पहिल्यांदा हायसं वाटलं. मुलं सांभाळणारी दाई लक्ष्मी झोळ्या हलवत असेल, बिचारी. दिवाकरराव तर हरखून गेले. "पाहिलंत? वातावरणाचा परिणाम," असं त्यांनी उदयसिंहजींना सांगितलं.

एवढं खरं की बायकाही अगदी चिडीचूप बसत. साहेब आणि गुरुजी दोघंही डोळे मिटून घेत. ते एकदा मिटले की इकडे पापण्या किलकिल्या होत आणि ओठ हलू लागत. वर्गभर अखंड गप्पा चालत, आणि शेवटी डोळे उघडून उदयसिंहजी म्हणत, "वाह! ऐसा मौन मैंने कहीं नहीं देखा." बायका खाली बघून हसत. अंबिका मात्र हसत नसे, कारण बेबी हल्ली पिता पिता झोपायची. तोंडात घेऊन नुसती पडून राहायची. रात्री मात्र किरकिर करायची. अंग गरम नव्हतं, पोट फुगलेलं नव्हतं. उन्हाळा बाधला असेल, असं मारुती म्हणाला. दूधच आटलं की काय या भीतीने अंबिका अर्धमेली झाली.

मग भोपाळहून कामगार खात्याचे साहेब वर्ग बघायला येणार असं ठरलं. हॉल धुतला गेला, पुढे एक गालिचा अंथरला, साहेबांसाठी खुर्ची ठेवली. पण त्या साहेबांना दिवाकररावांनी इतकं सांगितलं होतं की तेही खुर्ची सोडून गालिच्यावर मांडी घालून बसले आणि त्यांनीही डोळे मिटले.

सखुबाईचे गुडघे दुखत, म्हणून ती नेहमी भिंतीला टेकून, मागच्या खिडकीजवळ बसे. झूलाघरात उघडणाऱ्या त्या खिडकीचं दार त्या दिवशी हवेसाठी उघडलं होतं. अंबिका पुढच्या रांगेत होती. तिने सवयीने मान जराशी वळवून मागे पाहिलं. सखुबाईचे ओठ हलत होते, आणि ती हसत नव्हती.

"लक्ष्मीच्या हातात डबी आहे."

"कसली?" अंबिकेने ओठांनीच विचारलं.

"बोट बुडवते. पोरांच्या तोंडात घालते." सखुबाई थांबली. मग तिने तो शब्द सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, जुळवला. "अफू."

मध्ये बसलेल्या सगळ्या बायकांनी माना वळवून तो वाचला. माळव्यातल्या बाईला ती काळी डबी ओळखायला कुणाची साक्ष लागत नाही. कापणीच्या दिवसांत शेतावर जाणाऱ्या बायांनी पोरं कशी निजवली, आणि त्यातली काही पुन्हा कशी उठलीच नाहीत, हे प्रत्येकीने आपल्या घरात ऐकलेलं होतं.

"अंतर्मन में उतरिए," उदयसिंहजी म्हणत होते.

अंबिका उठली. या वेळी ती कुणाच्या सांगण्याने बसणार नव्हती. गालिच्याच्या कडेने ती बाहेर पडली आणि झूलाघरात शिरली. लक्ष्मीने डबी पदराखाली लपवली. बेबी झोळीत होती, डोळे अर्धवट उघडे, मान सैल. अंबिकेने तिला उचललं आणि ती तशीच हॉलमध्ये परत आली. मागोमाग लक्ष्मी रडत रडत आली.

"साहेब," अंबिका म्हणाली. आवाज चालू करून, यंत्रांच्या कल्ल्यातही ऐकू जाईल एवढ्या जोरात. "डोळे उघडा."

तिघांनीही उघडले.

"बघा, माझी पोरगी किती शांत झालीय. शरीर बिलकुल ढीलं सोडलंय. कसलीच चिंता नाही तिला. अफू चाटवलीय."

भोपाळच्या साहेबांनी दिवाकररावांकडे पाहिलं. दिवाकरराव दाईकडे वळले. "लक्ष्मी! काय केलंस हे?"

"तुम्हीच बोलले ना साहेब," लक्ष्मी हुंदके देत म्हणाली. "ध्यानाच्या टाइमाला आवाज आला तर तुझी छुट्टी. डझनभर भुकेली लेकरं, मी एकटी. कशी चुप करू?"

"मी अफू द्या असं म्हटलं होतं का?" दिवाकरराव ओरडले. त्यांचं सगळं प्रेशर परत आलं होतं. "मी फक्त शांतता ठेवा म्हटलं होतं!"

"हो, तेवढंच म्हणालात," अंबिका म्हणाली. "इतके दिवस शांतता होती. ती कशी झाली, हे भिंतीपलीकडे जाऊन एकदा तरी बघितलंत? मी तुम्हाला सांगितलं होतं, लेकरू भुकेलंय. तुम्ही त्याची भूक नाही मिटवली, साहेब, आवाज मिटवला."

आता बायका उठल्या होत्या. ज्यांची मुलं होती त्या झूलाघराकडे धावल्या. सखुबाई लंगडत पुढे आली, तिने बेबीच्या तळव्यांवर टिचक्या मारायला सुरुवात केली, तोंडावर पाण्याचे सपकारे दिले. "झोपू देऊ नको. हलव तिला. डॉक्टरला बोलवा रे कुणीतरी!" उदयसिंहजी स्वतः अनवाणी दवाखान्याकडे पळाले. दिवाकरराव उभे होते तिथेच उभे राहिले.

हॉलमध्ये कुणी बोलेना. ओठसुद्धा हलत नव्हते. इतक्या दिवसांत तिथे पहिल्यांदाच खरं मौन झालं, आणि ते कुणालाच सोसत नव्हतं. अंबिका लेकीचे पाय चोळत होती, तिचं नाव घेत होती, तिच्या गालावर थापट्या मारत होती.

बेबीचा ओठ थरथरला. तोंड वाकडं झालं. मग तिने श्वास घेतला आणि ती रडली. आधी बारीक, मग चांगली टाहो फोडून. सखुबाई मटकन खाली बसली आणि तीही रडू लागली. मागून, झूलाघरातून, दुसऱ्या एका मुलाचं रडणं ऐकू आलं, मग तिसऱ्याचं. दवाखान्यातला डॉक्टर पिशवी घेऊन आला, त्याने बेबीच्या पापण्या उघडून पाहिल्या, छातीला नळी लावली आणि म्हणाला, "रडू द्या. जेवढी रडेल तेवढं चांगलं." मग तो बाकीच्या मुलांकडे धावला.

तेवढ्यात भोंगा झाला. सुट्टी संपली होती. एकही बाई दाराकडे गेली नाही. अंबिका भोपाळच्या साहेबांच्या गालिच्यावर मांडी घालून बसली, पदर ओढला आणि बेबीला छातीशी घेतलं. बेबी हुंदके देत देत प्यायला लागली. बाकीच्या आया आपापली मुलं घेऊन आल्या आणि तिच्या मागे बसल्या.

भोंगा पुन्हा झाला. दिवाकररावांची नजर सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेली आणि ते काही बोलायला पुढे आले.

"बसा, साहेब," अंबिका म्हणाली. "फक्त आज डोळे मिटू नका."

दिवाकरराव तरटावर बसले.