आठ हजार चारशे सतरा

काळ्या पट्टीवरचे चार हिरवे आकडे... ८४१४. वेबसाइटच्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढे. प्रतीक्षानं पान बंद केलं, पुन्हा उघडलं, पट्टी जराशी लुकलुकली आणि ८४१५ झाली. पुन्हा उघडलं, ८४१६. पुन्हा.

"सर, हितं मी एकटीच हाय," ती म्हणाली, "पण तीन माणसं वाढली की."

ती हसत होती. बावड्याहून येणारी, शंका काढल्याशिवाय अन्न न पचणारी मुलगी. "अगं, ते मशीन..." असं काहीतरी नागेशनं सुरू केलं आणि तिथंच सोडलं. पान त्यानंच बनवलं होतं, फुकट मिळणारी ती पट्टी त्यानंच खाली चिकटवली होती, आणि पट्टी माणसं मोजत नाही, पानाची उघडझाप मोजते, हे न कळण्याइतका काही तो अडाणी नव्हता. कळत होतं — सव्वा वर्ष कळत होतं — पण त्या कळण्याकडे पाठ करून बसलं की बरं वाटायचं, एवढंच.

बारामतीतल्या त्या संगणकाच्या क्लासात सहा मशीन, त्यातल्या एकालाच इंटरनेट. नव्या मुलांना इंटरनेट म्हणजे काय ते दाखवायचं तर आधी काय उघडायचं? आपल्याकडे कशाचीही सुरुवात घरच्या देवापासून होते. नागेशनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पहिलं पान ठरवून टाकलं — 'बिरूआबांच्या धनगरी ओव्या'. त्याच्या वडिलांचं. तेव्हापासून जो तो आधी ते पान उघडायचा, नमस्कार केल्यासारखा, मग बाकीचं जग. लाइन तुटली की पुन्हा नमस्कार. दिवसाला बावीस वेळा धरलं तर... त्यानं हजेरीच्या कागदामागं गुणाकार केला. सुट्ट्या वगळून तीनशे अठ्ठ्याहत्तर दिवस. आठ हजार तीनशे सोळा. उरले एकशे एक, आणि त्यात तो स्वतः, कारण दर शनिवारी गावी निघताना तो आकडा बघायला पान उघडायचा आणि त्याच्या बघण्यानंही आकडा एकानं वाढायचा.

बरं, राहिलेल्यांत खरंच कुणी अमेरिकेतला, दुबईतला असलाच, तर त्याच्या मशीनवर आपला मराठी फॉन्ट कुठून असणार? त्याला आबांच्या ओव्यांच्या जागी फुल्या आणि उलटेसुलटे इंग्रजी कंस दिसले असणार, आणि तो बिचारा आल्या पावली परत गेला असणार. हे आत्ताच का आठवावं?

गावी जाताना जंक्शनच्या फाट्यावर एसटी बदलताना त्याला त्या पाक्षिकाचा राग आला. पुण्याचं, संगणकाला वाहिलेलं. 'मराठीतल्या पहिल्या पन्नास वेबसाइट' अशी यादी त्यांनी छापली आणि त्यात आबा एकोणिसावे आले. पण यादी केली कशी? पोस्टकार्ड पाठवून विचारलं, तुमचा आकडा कळवा. मी कळवला. मीच! अठरावा कोण होता? त्यानंही कुठल्यातरी क्लासात बसून कळवला असेल, पहिल्यानंही कळवला असेल, आणि आम्ही पन्नास जण एकमेकांची नावं वाचून छाती फुगवून घेतली. ते कात्रण आता गावी, निरवांगीला घरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत आहे.

चौकट आबांनी स्वतः इंदापूरला जाऊन करून आणली. सगळं रान उसाखाली गेलं, चरायला जागा उरली नाही आणि मेंढरं विकली, तेव्हापासून दोन वर्षं जो माणूस ओटीवर मुका बसून होता, तो हा आकडा ऐकल्यावर बोलायला लागला होता. दर शनिवारी एक विसरलेली ओवी आठवून ठेवायचा, नागेशनं लिहून घ्यायची. त्या लोकांसाठी. त्या आठ हजारांसाठी.

आज सांगून टाकायचं... एसटी उसाच्या भिंतींमधून चालली होती. आबांनीच सांगितलेली गोष्ट : संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात घेताना ते तोंडाशी उभे राहून मोजायचे. एकदा एक कोकरू जाळीखालून बाहेर निसटून पुन्हा तोंडातून आत आलं, दोनदा मोजलं गेलं. आकडा भरला. म्हणून जे खरोखर मागं राहिलं होतं, त्याला शोधायला कुणी गेलंच नाही. सकाळी नुसती लोकर सापडली. गोष्ट सांगताना आबांचा चेहरा कसा व्हायचा ते त्याला आठवलं.

आबा ओटीवर वाटच बघत होते. त्याला अजून चप्पल काढायची होती.

"आकडा?"

"आठ हजार चारशे सतरा." तोंडातून निघूनच गेलं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

"लिव्ह," आबा म्हणाले. "मेंढरं नीरंच्या पाण्यावर येत्यात, तिथली हाय. काल आठवली."

त्यांनी कानावर हात ठेवला आणि आवाज लावला. थकलेला, तरी अजून सरळ जाणारा आवाज. ओळ संपली आणि ते थांबले. धनगरी ओवीत असं थांबावंच लागतं. गाणारा ओळ टाकतो, मागचे ती झेलतात, तीच सुरात पुन्हा गातात, मग पुढची. लहानपणी नागेशच झेलायचा. कॉलेजात गेला आणि लाज वाटायला लागली, तेव्हा सोडलं. सव्वा वर्ष तो नुसता लिहून घेत होता, मान खाली घालून, आणि आबा ती जागा मोकळी सोडून पुढं जात होते. एकदा त्यानं विचारलं होतं, आता झेलायला कुणी नाही, मग थांबता कशाला?

"तिकडं ती माणसं झेलत असत्याल की," आबा म्हणाले होते.

आज ते जास्त वेळ थांबले. का, ते त्याला कळेना. की आपल्यालाच तसं वाटतंय? ओळ त्याच्या घशात तयार होती, सुरासकट. झेलावी... पण इतके दिवस न झेलणारा मुलगा आजच का झेलतोय, हे या माणसाला कळायला पट्टी लागणार नाही. हा एक आवाज खरा ऐकू आला की ते झेलणारे आठ हजार गेलेच.

आबा अंगणाच्या पलीकडे, उसाच्या दिशेनं कान लावून बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं. कागदावर नागेशचं पेन टेकलेलं होतं आणि त्यानं अजून एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.